नरहरीचं अरण्य

वालीवच्या एका कारखान्यात नरहरीने तीस वर्षं मशीनांना करडा रंग मारला. करड्या रंगाबद्दल कुणाचं काही मत नसतं, त्यामुळे तिथे त्याचं नाव चांगलं होतं. मतं होती ती गावात, आणि तीही एकाच पडद्याबद्दल.

त्याच्या बागायती गावात देवळाच्या उत्सवाला दरवर्षी नाटक होई. नाटक कुठलंही असो, कुणीतरी वनवासाला जाईच. लिहिणारे गावातलेच, राजाला घराबाहेर काढल्याशिवाय त्यांना दुसरा अंक सुचत नसे. त्या वनवासासाठी नरहरीने चोविसाव्या वर्षी अरण्याचा पडदा रंगवला. अरण्य त्याने पाहिलं नव्हतं, केळी-सुपारीच्या वाड्या पाहिल्या होत्या. त्यामुळे घोर अरण्यात राजेळी केळी सरळ रांगेत उभ्या राहिल्या, सुपारीवर पानवेल चढली, रहाटाची विहीर आली आणि विहिरीपासून पाण्याचा पाट निघाला. पुढची चाळीस वर्षं राजा या अरण्यात कंदमुळांवाचून तळमळत राहिला आणि त्याच्या डोक्यावर केळीचा घड लोंबत राहिला. लोक हसत. नरहरीही हसे, पण त्याला ते लागे. एकदा तरी कुणी पडद्याला चांगलं म्हणावं, एवढीच त्याची इच्छा होती.

यंदा देवळाच्या ओट्यावर सभा भरली. मंडळाचा चिटणीस धवल म्हणाला, "नरहरीकाका, राग मानू नका. एलईडी स्क्रीन लावू या. झाडं हलताना दिसतील, एकदम रिअल."

चंदनसारहून ऋतिका आली होती. चित्रकलेच्या कॉलेजात शिकणारी ही मुलगी गावच्या नाटकांवर प्रोजेक्ट करत होती. "प्लीज, पडदा काढू नका," ती म्हणाली. "यातली चूक हीच यातली कला आहे."

अध्यक्ष दिनानाथ म्हणाले, कला म्हणजे काय ते आपल्याला कळत नाही, पण कापड जाड आहे, पावसाळ्यात मंडपाच्या सामानावर घालता येईल.

दीड तास चर्चा झाली. आजच्या काळात कलेला काय अर्थ उरला यावर सगळे बोलले, नरहरी सोडून. धवलचं म्हणणं त्याने गिळलं, दिनानाथांचंही गिळलं. ऋतिकाचं कौतुक मात्र घशाखाली उतरेना. इतकी वर्षं अडाणी लोक चूक म्हणत होते, आता शिकलेल्या माणसाने त्या चुकीवर शिक्का मारला.

"मला महिनाभर द्या," तो म्हणाला. "खरं अरण्य करून देतो."

दुसऱ्या दिवसापासून तो वही घेऊन चिंचोटीच्या जंगलात जाऊ लागला. साग कसा वाढतो, वेली कशा गुंततात, सगळं उतरवून आणलं. मग पडद्यावर पांढरा हात मारला आणि नवं अरण्य रंगवलं.

उत्सवाच्या संध्याकाळी वनवास आला आणि कुणीही हसलं नाही. "काका, सॉलिड," धवल म्हणाला. ऋतिकाने फोटोसाठी मोबाइल वर केला, जरा वेळ धरला आणि खाली घेतला. नरहरीच्या ते लक्षात आलं नाही. तो फार खूश होता.

नाटक संपल्यावर मालनकाकी रंगमंचावर चढली. ऐंशीच्या घरातली ही बाई दरवर्षी पहिल्या रांगेत बसे. तिची वाडी विकून वीस वर्षं झाली होती. तिथे आता सात मजले उभे होते आणि तिसऱ्यावर ती मुलाकडे राहत होती. तिने पडद्याला हात लावला.

"नरहरी, आमची विहीर कुठंय?"

"अरण्यात विहीर नसते, काकी."

"आमची होती ना. आमच्याच वाडीत बसून काढलीस. मीच तुला चहा द्यायची."

वाडी कुणाची होती हे नरहरी पार विसरून गेला होता. धवलने मोबाइलमधले जुन्या नाटकांचे फोटो उघडले. प्रत्येक फोटोत विहीर आणि पाट झाकून राजा उभा होता, हात पसरून.

"परत काढतो," नरहरी म्हणाला. "उद्याच बसतो, काकी. फक्त एवढं सांग, पाट कुठून वळायचा? केळींच्या अलीकडून की पलीकडून?"

काकीने सागावरून हात काढून घेतला.

"ते आठवत असतं," ती म्हणाली, "तर दरवर्षी बघायला कशाला आले असते?"