खापरखेड्याचा नारळ

वीजकेंद्राच्या कॉलनीत राहिलं की किस्से जमवावे लागत नाहीत. एकाच्या अंगणात काही घडलं की चहा उकळेपर्यंत ते सगळ्या ओळीत पोचलेलं असतं. सत्तरच्या दशकात खापरखेड्याला आमची तीन क्वार्टरं शेजारीशेजारी होती. मधलं माझं. उजवीकडे बॉयलरवरचे परब, मूळचे वेंगुर्ल्याचे. डावीकडे टर्बाइनवरचे वानखेडे, मौद्याचे. परबांना एकच ध्यास: रिटायर व्हायच्या आत अंगणात झाड लावून त्याचा नारळ खायचा!

*

रोप लावताना परबांनी खड्ड्यात जाडं मीठ ओतलं. वानखेडे म्हणाले, "काहून गा परब, झाडाचं लोणचं घालून राहिला का?"

"कोकणात असंच लावतात," परबांनी ठणकावलं.

दुसऱ्या दिवशी वानखेड्यांची गाय माझ्या अंगणातून परबांचं कुंपण मोडून आली. तिने खारी माती चाटून खड्डा उकरला आणि वर रोपही खाल्लं. वानखेडे बिचारे खजील झाले. नवीन रोप त्यांनीच नागपूरहून एस्टीत मांडीवर घेऊन आणलं.

*

मे महिन्यात लू सुटली आणि रोपाची पानं करपू लागली. परबांनी खिडकीतला कूलर काढून थेट रोपासमोर लावला, खसच्या म्हणजे वाळ्याच्या टट्ट्यांसकट.

परबकाकू माझ्या बायकोला म्हणाल्या, "झाडाक कूलर नि माका हातपंखो!"

दुपारी काकूंनी सरळ रोपाशेजारी खाट टाकली. परब ड्यूटीवरून आले तेव्हा तिथे ओळीतल्या सगळ्या बायका पत्ते खेळत बसल्या होत्या. परबांना टेकायलाही जागा नव्हती.

*

वानखेड्यांची पपई नर निघाली. नुसता फुलोरा, फळ नाही. खोडात खिळा ठोकला की फळ धरतं, असं कुणीतरी सांगितलं. त्यांनी ठोकला. काही झालं नाही. मग त्याच खिळ्याला आरसा टांगून ते रोज तिथे दाढी करू लागले.

"फळ नाही तं नाही, कामात तं आली!"

*

वर्षं गेली. नारळ छपराच्या वर गेला, पण फळाचा पत्ता नाही. दिवाळीनंतर परब रिटायर होणार होते. एकदा कोकणात गेले की ते पुन्हा कशाला येतायत, या विचाराने आम्हा सगळ्यांनाच वाईट वाटत होतं.

शेवटी वानखेड्यांनी गावचा उपाय काढला. फळ न देणाऱ्या झाडाला एकाने कुऱ्हाड दाखवायची आणि घरच्या बाईने गयावया करायची, "राहू द्या, पुढच्या वर्षी देईल." काकूंना वाक्य पढवलं. वानखेड्यांनी कुऱ्हाड उगारली.

"फळ देतं का तोडू?"

काकूंनी एकदा झाडाकडे पाहिलं.

"तोडा."

वानखेड्यांचा हात वरच राहिला. "वहिनी, तसं नाही म्हणाचं."

"माका ठावक आसा. आयुष्य गेलं ह्याच्या मागे. तोडा."

वानखेड्यांनी कुऱ्हाड खाली टाकली आणि हात जोडले. "राहू द्या वहिनी. पुढच्या साली देते ते. पहिला नारळ मी सोता कोकणात आणून देतो."

*

आणि दिला! दोन दिवस एस्टी बदलत, मुठीएवढा नारळ पिशवीत घेऊन वानखेडे वेंगुर्ल्यात उतरले. परबांच्या घराभोवती नारळीच नारळी. कंडक्टरपासून गावातल्या पोरांपर्यंत सगळे हसले म्हणे.

परब कोयता घेऊन आले. काकूंनी नारळ घेतला, पदराने पुसला आणि देव्हाऱ्यात नेऊन ठेवला.

"अगो, फोडूया मां?" परब म्हणाले.

"आमच्या खापरखेड्याचो आसा तो," काकू म्हणाल्या. "खावचो तर दारातल्या झाडावरचो काढा."