बाईंचे हात

अमेरिकेत, पार्सिपनीत माझ्या मुलीला बॅले शिकवणाऱ्या फ्रेंच बाई सत्तरीच्या आहेत. एकेकाळी पॅरिसमध्ये नाचायच्या, आता नाच बसवतात. दोन मिनिटं उशीर झाला तरी क्लासचं दार बंद. मी एकदा ट्रॅफिकचं कारण सांगितलं, तर म्हणाल्या, "ट्रॅफिक रोजच असतो. लवकर निघा." अस्सा राग आला, पण पुढच्या वेळी लवकर निघाले.

यंदा क्लासचा वार्षिक कार्यक्रम तोंडावर आला आणि बाईंच्या खुब्याचं ऑपरेशन झालं. "बिचाऱ्यांना कशाला त्रास यार, कॅन्सल करू," असं पालकांच्या ग्रुपवर ठरलं. सांगायला मला पाठवलं.

बाई रिकाम्या स्टुडिओत खुर्चीवर बसल्या होत्या, शेजारी वॉकर. डोळे मिटलेले आणि मांडीवरचे हात थरथरत होते. मला भरून आलं. जवळ गेले तेव्हा दिसलं, की ती थरथर नव्हतीच. पायांनी करायचं ते सगळं हात करत होते. तळवे पावलांसारखे उठत होते, वळत होते, ठेक्यावर थांबत होते.

"मॅडम, कार्यक्रमाचं जरा बोलायचं होतं..."

त्यांनी डोळे उघडले.

"बाजूला व्हा. तुमची मुलगी तिथूनच स्टेजवर येणार आहे."

मी बाजूला झाले.