हवा, माती आणि माझं बजेट

माती विकत घ्यायची नसते, असं मी डेलला ठामपणे सांगितलं, तेव्हा आम्हाला वायोमिंगमध्ये येऊन जेमतेम चार महिने झाले होते आणि डेल तिथे चाळीस वर्षं लोकांच्या बागा लावत होता.

माझी बायको मंजिरी मुलांची डॉक्टर. तिला इथल्या छोट्याशा गावातल्या हॉस्पिटलमध्ये नोकरी मिळाली, माझं आयटीचं काम कुठूनही चालतं, म्हणून नेपरव्हिलचं आधीचं घर विकून आम्ही इथे दोन एकरांचे मालक झालो. पाऊस नावापुरता, थंडी मात्र भरघोस. बागेची घाई होती ती आईसाठी. बाबा गेल्यापासून ती सांगलीच्या घरात एकटी होती. आयुष्यभर सकाळी परडी घेऊन पूजेची फुलं काढणाऱ्या बाईने तेही सोडलं होतं. फोनवर ‘बरं आहे’ यापलीकडे बोलत नव्हती. ती मे महिन्यात येणार होती, दोनच महिन्यांसाठी. दाराशी फुलं दिसली तर कदाचित जास्त राहील, असं मंजिरीचं म्हणणं. मलाही तेच हवं होतं. पण काही मनापासून हवं असलं की मी एक्सेल उघडतो.

डेलचं एस्टिमेट वाचून मी आधी खाली बसलो, मग लाल पेन शोधलं. चांगली माती, दोन ट्रक. स्वतःची दोन एकर जमीन असताना? खोडली. हरणांपासून बचावाची जाळी. हरणं बघायला लोक तिकीट काढतात! खोडली. पुढची ओळ वाचून तर मी मंजिरीला हाकच मारली: थंडीआधी बागेच्या जमिनीखालच्या पाइपांमधलं पाणी कॉम्प्रेसरच्या हवेने बाहेर काढणे.

“हवेचे पैसे लावतोय हा,” मी म्हणालो.

“अरे, कशासाठी ते विचार तरी त्याला.”

“सांगलीत वाढलोय, पुण्यात शिकलोय. मला कोणी हवा विकू शकत नाही.”

डेलने तो लालेलाल कागद बराच वेळ पाहिला, टोपी काढली, परत घातली आणि तुमचं घर आहे, एवढंच म्हणाला. हा मी माझा विजय समजलो.

सप्टेंबरात हिरवळीच्या गुंडाळ्या आल्या. दगडासारख्या जमिनीवर त्या सतरंजीसारख्या पसरून मी आईला फोटो पाठवला. गवताने मूळ धरलंच नाही. ऑक्टोबरात वारा सुटला, एक कोपरा उचलला गेला आणि बघता बघता दोन पट्ट्या शेजाऱ्याच्या तारेवर वाळत पडल्या. तिसरी वाचवायला मी तिच्यावर पालथा झोपलो. (मीटिंग चालू होती आणि लॅपटॉप खिडकीत होता. कॅमेरा बंद करायचं राहिलं.) उरले मी लावलेले बारा गुलाब. ते हरणांनी चार दिवसांत संपवले, आणि नंतरही ती पुढचं ताट कधी येतंय ते बघायला येत राहिली.



मेमध्ये आई आली. नऊवारीसारखी खोचलेली पाचवारी, वर माझं जॅकेट, पायात मंजिरीचे बूट. तिला निदान पाणी तरी दाखवावं म्हणून मी ऐटीत व्हॉल्व्ह फिरवला. पाइपांत राहिलेलं पाणी हिवाळाभर गोठून पाइप जागोजागी फुटले होते. सात ठिकाणांहून कारंजी उडाली, त्यातलं एक थेट स्वयंपाकघराच्या खिडकीत. व्हॉल्व्हची मूठ माझ्या हातात आली. आई चिखलात उभी.

मग ती हसायला लागली. डोळ्याला पदर लावून, कठड्याला धरून हसली. बाबा गेल्यानंतर पहिल्यांदा.

“अगदी ह्यांच्यावर गेलायस,” ती म्हणाली. “पपईला पाणी मिळावं म्हणून ह्यांनी पाइप टाकला, तो शेजारच्या कुलकर्ण्यांच्या न्हाणीत निघाला.” मग तिने डोळे पुसले. “जन्मभर ह्यांचं निस्तरत आले रे. वर्ष झालं, निस्तरायला काही नाही. सकाळी उठायचं कशाला, तेच कळत नव्हतं.”

मला रडू आलं. सगळीकडे पाणीच पाणी होतं, त्यामुळे कोणाच्या लक्षात आलं नाही.

दुसऱ्या दिवशी तिने डेलला बोलावून घेतलं. ती मराठीत, तो इंग्रजीत. दोघं उकिडवे बसून माझी जमीन बोटांनी उकरत होते आणि अधूनमधून माझ्याकडे बघून मान हलवत होते. मातीचे तीन ट्रक ठरले, जाळी ठरली. हवेचे पैसे तर आईने माझ्यासमोरच कबूल केले. जुलैत दाराशी आईने लावलेल्या रोपाला पहिला झेंडू आला, देवापुढे गेला, आणि आईने तिकीट ऑक्टोबरवर ढकलायला सांगितलं.

“फुलांसाठी ना?” मी खुशीत विचारलं.

“फुलं डेलसुद्धा बघेल. आणखी काय काय करून ठेवलंयस, ते बघायला थांबतेय.”

त्या दोन एकरांत मी लावलेलं काहीच जगलं नाही. पण आई राहावी म्हणून जे जे केलं, त्यात माझा अडाणीपणा तेवढा उत्तम रुजला, आणि त्याच्यावर मी एक पैसाही खर्च केला नव्हता!