अंबुबाईंचे दात आणि डोळे

जुन्या लुगड्यांची वाकळ शिवून घ्यायची तर अंबुबाईंकडून, आणि अंबुबाईंच्या तोंडी लागायचं नाही, हे दोन्ही नियम अख्खं कुरुळी गाव पाळायचं. आमचं घर त्यांच्या भिंतीला लागून, त्यामुळे दुसरा नियम आम्ही जरा जास्तच पाळायचो. पिंपरीला पेनिसिलिनचा कारखाना निघून दोन-तीन वर्षं झाली होती, तेव्हाची ही गोष्ट. बाईंची साठी उलटली होती. मशेरीशिवाय त्यांचा दिवस उजाडत नसे. हिरड्यांतून रक्त आलं की मशेरी आणखी जोरात घासायच्या. तंबाखूने हिरडी घट्ट होते म्हणे.

त्या साली त्यांच्या पायाच्या अंगठ्याला काटा लागला आणि जखम भरेना. मुलगा ज्योतीराम त्यांना चाकणच्या डॉक्टरांकडे घेऊन गेला. डॉक्टरांनी निळ्या औषधात लघवीचे थेंब घालून नळी तापवली. औषध विटकरी झालं. मधुमेह होता. साखर उतरली नाही तर अंगठा कापावा लागेल, कदाचित पाऊलही, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं.

गूळ बंद झाला, भात बंद झाला. सून यशोदाबाई सुई उकळून रोज इंजेक्शन देऊ लागली. तरी दर खेपेला नळी विटकरीच. डॉक्टर म्हणाले, म्हातारी चोरून खाते. यशोदाबाईने गुळाची ढेप आमच्याकडे आणून ठेवली, सासूचं अंथरूण चाचपलं, काही सापडलं नाही. अंगठा काळा पडत चालला होता. बाईंनी गोडाला बोटही लावलं नव्हतं. तो आळ आठवला की मला अजून राग येतो.

पुढच्या खेपेला बाई पदर तोंडावर धरूनच बोलत होत्या. डॉक्टरांना वास आला. तोंड उघडा म्हटलं तर उघडेनात. शेवटी यशोदाबाईने पदर ओढला. हिरड्यांतून पू येत होता, निम्मे दात हलत होते.

"हिरड्यांत जंतूंनी घर केलंय," डॉक्टर म्हणाले. "ते आहेत तोवर साखर हटायची नाही, आणि साखर आहे तोवर हिरड्या भरायच्या नाहीत. दात काढा."

"पाय तोडा," अंबुबाई म्हणाल्या. "दात काढलं की डोळं जात्यात."

हे सगळं गाव मानत होतं. धाकटी बहीण मंजुळाबाई गावातच दिलेली, तीही धावत आली. "आक्का, पांगळी झालीस तर बसून शिवशील. आंधळी झालीस तर काय करशील?"

यशोदाबाई सासूच्या पायाकडे बघून म्हणाली, "आत्याबाई, काळं आता बोटांवर आलंया. तितंच थांबंल का?"

दुसऱ्या दिवशी पुण्याला जाऊन अंबुबाईंनी दात काढून घेतले.

हळूहळू नळीतलं औषध हिरवट राहू लागलं, मग निळं. अंगठा कातडी धरू लागला. पण बाईंना सुई ओवता येईना. मग काय, गावाला आयतंच कोलीत मिळालं. बघा, दात गेले, डोळे गेले. शिव्या खाल्ल्या यशोदाबाईने.

थंडीत मंजुळाबाईचा गाल सुजला. तिच्या मोरीत मुंग्या लागत होत्या, म्हणजे तिच्याही लघवीत साखर आहे हे घरात सगळ्यांना कळलं. दात काढायला न्यावं म्हणून ज्योतीरामने बैलगाडी आणली, तर ती उठेना. "आक्काचं बघितलं की," एवढंच म्हणायची. सूज गळ्याकडे उतरत होती. आम्ही शेजारणी तिच्या घरी नुसत्या बसून होतो.

अंबुबाई भिंत धरून आल्या आणि तिच्याजवळ टेकल्या.

"मंजुळे, माजं डोळं दातासंगं न्हाई गेलं. आदीच गेलं व्हतं. वरीसभर बोटानं चाचपून टाकं घालत व्हते. डाक्टर म्हनलं, त्ये बी साखरंनंच खाल्लं."

"मग बोलली का न्हाईस?"

"बोलले असते तर वाकळ कुनी दिली असती शिवायला?"

आम्ही सगळ्या ऐकत होतो, आणि बाईंना ते ठाऊक होतं. मंजुळाबाईने सुजलेल्या गालावर हात ठेवला.

"काढताना लई दुखतंया का गं?"

"दुखतंया," अंबुबाई म्हणाल्या. "ऊठ. मी येते संगं."