हिरव्या अक्षरांतली ‘नोंद झाली’

“तुम्ही फोनवर सांगितलं तेच लिहून द्या,” डॉक्टर खंडारे म्हणाले आणि त्यांनी कोरा कागद माझ्याकडे सरकवला.

फोनवर मी सांगितलं होतं की कॉम्प्युटर स्वतःहून काही मिटवत नाही. वाक्य खरं होतं. आजही खरं आहे. पण त्या एका वाक्यावर नसीमबाजींची तेरा वर्षांची नोकरी जाणार होती, हे मला परतवाड्याला पोचेपर्यंत माहीत नव्हतं.

मी अमरावतीला राहतो. सॉफ्टवेअर लिहितो. आमच्या कंपनीचं मुख्य ऑफिस अकोल्याला आहे. परतवाड्यातल्या एका ट्रस्टच्या दवाखान्यात रक्त साठवण्याचं छोटं केंद्र आहे. डॉक्टर खंडारे तिथले अधीक्षक, आणि नसीमबाजी केंद्र सांभाळणाऱ्या टेक्निशियन; बाजी म्हणजे ताई, सगळे त्यांना तसंच म्हणतात. रक्ताच्या पिशव्या दोन ते सहा अंश तापमानात ठेवाव्या लागतात. फ्रिजचं तापमान दर मिनिटाला मोजून कॉम्प्युटरवर नोंदवणारा प्रोग्राम मी लिहिला होता. चौदा महिने तो बिनतक्रार चालला.

मग एका शनिवारी दुपारी वीस मिनिटं लाइट गेली. दोन वीसला गेली, दोन चाळीसला आली. कॉम्प्युटर सुरू झाला आणि दोन त्रेचाळीसपासून नोंदी परत येऊ लागल्या. सोमवारी तपासणीत दिसलं की सकाळी अकरा वाजून तीन मिनिटांनंतर तोपर्यंतच्या नोंदीच नाहीत.

लाइट वीस मिनिटं गेली आणि नोंदी साडेतीन तासांहून जास्त काळाच्या गेल्या. नोंद नाही म्हणजे रक्त द्यायचं नाही, असा नियम आहे आणि तो बरोबर आहे. नऊ पिशव्या टाकून दिल्या. डॉक्टरांचा निष्कर्ष असा होता की त्या दिवशी फ्रिज तापला, बाजींचं लक्ष नव्हतं, आणि नंतर त्यांनी नोंदी पुसल्या. गुरुवारी ट्रस्टची मीटिंग होती. माझा कागद तिथे पुरावा म्हणून जाणार होता. मी मंगळवारी पोचलो.

बाजी दाराशी उभ्या होत्या. हातात एक लांब रजिस्टर होतं.

“साहेब, मी दर घंट्याले फ्रिजवरचा आकडा पाहून याच्यात लिहिते. पाहा. बारा वाजता चार पॉइंट दोन. एक वाजता चार पॉइंट चार. दोनले चार पॉइंट एक. फ्रिज इन्व्हर्टरवर हाय, लाइट गेल्यानं त्याले काय होते?”

“हे नंतरही लिहिता येतं,” डॉक्टर म्हणाले.

“लिहिता येते. पण मी लिहिलं नाई.” मग माझ्याकडे वळून, “अन् तुमचाच डबा मले दर मिनिटाले सांगून राहिला होता ना, नोंद झाली, नोंद झाली? हिरव्या अक्षरात? मंग कुठं गेली ती नोंद? हे मले काऊन विचारता, त्याले विचारा ना!”

मी कागद बाजूला ठेवला आणि म्हणालो, “आधी फाइल बघतो.”

आतापर्यंत सगळ्यांनी नोंदी आलेखाच्या रूपात पाहिल्या होत्या. लाइट आल्यावर प्रोग्रामने नवी फाइल सुरू केली होती; त्याआधीची मूळ फाइल कोणी उघडली नव्हती. मी आधी तिचा आकार पाहिला. २४,५७६ बाइट. बाइट म्हणजे साधारण एक अक्षर, असं समजा.

आकड्यांची मला लहानपणापासून सवय आहे. काही आकडे ओळखीच्या माणसासारखे समोर येतात. २४,५७६ म्हणजे ८१९२ गुणिले तीन. ना एक अक्षर कमी, ना एक जास्त.

मी फाइल उघडून शेवटपर्यंत गेलो. अकरा वाजून तीन मिनिटांची ओळ पूर्ण होती. तिच्याखाली आणखी एक ओळ सुरू झाली होती. तारीख, महिना, आणि वर्षाचे पहिले दोन आकडे, २०. पुढे काही नाही. आलेख काढणारा भाग तुटकी ओळ सोडून देतो, म्हणून ती कोणाला दिसली नव्हती.

हे कोणी केलं, ते मला कळलं होतं. मीच केलं होतं.

ते कसं, हे थोडं समजावून सांगतो. प्रोग्रामला एक ओळ लिहायची असते. प्रत्येक ओळीसाठी डिस्कपर्यंत जाणं हे वेळखाऊ काम आहे. म्हणून मध्ये एक जागा ठेवतात, तिला बफर म्हणतात. ओळी आधी बफरमध्ये जमतात. बफर भरला की सगळं एकदम डिस्कवर जातं. वाचतानाही तसंच. एकेक अक्षर आणायचं नाही, घमेलंभर आणायचं आणि त्यातून लागेल तसं घ्यायचं. आधीच्या एका कामात अशाच बफरमुळे अकरा मिनिटांचं काम चाळीस सेकंदांवर आलं होतं. मला त्याचा अभिमान होता. तोच कोड मी इथे आणला. काटकसर अंगवळणी पडली होती. मिनिटाला एकदा डिस्ककडे जायला तसाही काही त्रास नव्हता, हा हिशेब मी केलाच नाही.

माझ्या प्रोग्राममधला बफर ८१९२ अक्षरांचा होता. तो बफर मेमरीत राहतो. लाइट गेली की मेमरी कोरी.

आणि मी ‘नोंद झाली’ हे हिरवं वाक्य ओळ बफरमध्ये टाकल्याबरोबर दाखवत होतो. डिस्कवर पोचल्यावर नव्हे.

चौदा महिने हे उघडकीला आलं नाही, कारण कॉम्प्युटरही इन्व्हर्टरवर होता. मध्यरात्री रोजची फाइल बंद होताना बफर आपोआप रिकामा होतो, त्यामुळे दिवसाची फाइल पूर्ण दिसायची. मग तीन आठवड्यांपूर्वी भिंतीला रंग दिला. रंगकामात बोर्ड काढला गेला आणि कॉम्प्युटरचा प्लग साध्या सॉकेटमध्ये लागला. तेव्हापासून लाइट त्या शनिवारी पहिल्यांदा गेली होती.

मी बाहेर व्हरांड्यात जाऊन अकोल्याला फोन केला. काळे सर माझे बॉस. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

“वानखडे, ‘तांत्रिक अडचणीमुळे नोंदी उपलब्ध नाहीत’ असं लिहा. विषय संपवा.”

“तेवढ्यानं त्या बाई सुटत नाहीत, सर. नोंदी पुसल्या, तर त्यालासुद्धा तांत्रिक अडचणच म्हणतील.”

“आणि चूक आपली लिहिली तर पुढचं काम आपल्याला देतील का?”

“बहुतेक नाही देणार.”

“खात्री आहे का तुम्हाला?”

“तासाभरात होईल.”

आत येऊन मी डॉक्टरांना आणि बाजींना बफर म्हणजे काय ते समजावलं आणि म्हणालो, “चूक प्रोग्रामची आहे असं मला वाटतं. पण माझ्या वाटण्याला किंमत नाही. आपण करून बघू.”

मी प्रोग्रामची प्रत दवाखान्यातल्या दुसऱ्या एका कॉम्प्युटरवर घेतली आणि मिनिटाऐवजी सेकंदाला एक नोंद लावली. मग एका कागदावर तीन आकडे लिहिले, घडी घालून तो डॉक्टरांना खिशात ठेवायला दिला आणि म्हणालो, “पाच मिनिटांनी तुम्ही स्वतः प्लग ओढा.”

बाजी खुर्ची ओढून बसल्या. पडद्यावर हिरवी अक्षरं येत राहिली. नोंद झाली, ११०. नोंद झाली, १११.

“हे त परतवाड्याच्या जीपसारखं झालं,” बाजी अचानक म्हणाल्या.

“काय?”

“तुमी आता सांगितलं ना, भरल्याबिगर डिस्कवर जात नाई म्हणून. चिखलदऱ्याची जीप बी तशीच. सवाऱ्या भरल्याबिगर हालत नाई. आपण बसलो की घरच्याइले सांगतो, निघालो म्हणून. जीप उभीच रायते अड्ड्यावर.”

डॉक्टर पहिल्यांदा किंचित हसले. इतक्या वर्षांत बफर इतका सोपा करून मी कोणालाच सांगितला नव्हता.

आकडा ३०० झाला. डॉक्टरांनी प्लग ओढला. पडदा काळा झाला.

प्लग परत लावला. कॉम्प्युटर सुरू झाल्यावर मी फाइल उघडली आणि डॉक्टरांना कागद काढायला सांगितला. कागदावर होतं: ८१९२ अक्षरं, २२१ पूर्ण ओळी, दोनशे बाविसावी ओळ पंधरा अक्षरांवर तुटलेली.

फाइल ८१९२ अक्षरांची होती. ओळी २२१. शेवटची ओळ तारीख आणि ‘१२:१’ एवढ्यावर थांबली होती. ती अक्षरं डॉक्टरांनी बोट ठेवून दोनदा मोजली. पंधरा.

“एक ओळ सदतीस अक्षरांची आहे,” मी म्हणालो. “८१९२ला सदतीसनं भागा. २२१ वेळा भाग जातो, पंधरा उरतात.”

“पण पडद्यावर तीनशे दिसत होत्या.”

“पडदा खोटं बोलत होता. ते वाक्य मी लिहिलंय.”

डॉक्टर पटकन मान्य करणारे नव्हते, आणि ते योग्यच होतं. “असं होऊ शकतं, एवढं कळलं. शनिवारी असंच झालं, हे कशावरून?”

“शनिवारची फाइल बरोबर तीन बफरांवर तुटली आहे. चौथा बफर पावणेतीनला भरला असता. लाइट त्याच्या पंचवीस मिनिटं आधी गेली. आत १९७ ओळी होत्या, त्या गेल्या. आता हाताने पुसणारा माणूस बघा. तो पूर्ण ओळी पुसेल. वर्ष अर्धं सोडणार नाही.”

“मले त कॉम्प्युटर बंद करणं बी यांनीच शिकवलं,” बाजी म्हणाल्या. “मी चोवीस हजार अक्षरं मोजत बसली असती काय, डॉक्टरसाहेब?”

डॉक्टरांनी बाजींच्या हातातलं रजिस्टर मागून घेतलं आणि शनिवारचं पान बराच वेळ पाहिलं.

“म्हणजे हे आकडे खरे होते.”

“हो जी.”

“आणि रक्त चांगलं होतं.”

“चांगलंच होतं.” बाजींचा आवाज खाली आला. “त्यातली एक ओ निगेटिव्ह होती. ते रक्त द्याले चिखलदऱ्याहून माणूस आला होता, दोन घंटे अड्ड्यावर जीप भरायची वाट पाहून.”



पत्र मी तिथेच लिहिलं. त्यात ‘तांत्रिक अडचण’ हे शब्द नव्हते. प्रोग्राम लिहिणाऱ्याची चूक असं लिहिलं, खाली माझं नाव लिहिलं आणि फोनवरचं माझं वाक्य अपुरं होतं हेही नमूद केलं. मीटिंगनंतर बाजींना दिलेली कामावरून काढण्याची नोटीस मागे घेतली गेली. पुढच्या वर्षीचं काम आम्हाला मिळालं नाही. काळे सर एवढंच म्हणाले, “पत्र पाठवण्याआधी मला दाखवायचं होतं.” ते त्यांचं बरोबर होतं. पत्राची प्रत मात्र त्यांनी सही करून फाइलला लावली.

दुरुस्ती एका ओळीची होती. बफर भरो न भरो, प्रत्येक नोंदीनंतर तो रिकामा करायचा. या आज्ञेला फ्लश म्हणतात. बुधवारीच परत जाऊन मी ती घातली आणि कॉम्प्युटरचा प्लग इन्व्हर्टरवर लावून घेतला.

“आता एक सवारी बसली तरी जीप सुटते,” मी बाजींना सांगितलं.

त्यांनी हिरव्या अक्षरांकडे पाहिलं. “सुटली म्हणजे पोचली काय, साहेब?”

मी बॅग बंद करत होतो, तो थांबलो. खरं तर पोचलेली नसते. फ्लश केल्यावर ओळ प्रोग्रामच्या हातून सुटते, पण कॉम्प्युटरची ऑपरेटिंग सिस्टीमही ती काही क्षण स्वतःजवळ धरून ठेवते. डिस्कवर टेकल्याची खात्री करायला सिंक नावाची दुसरी आज्ञा लागते. हे मला वीस वर्षांपासून माहीत होतं.

मी बॅग परत उघडली आणि ती दुसरी आज्ञा घातली. तिच्या खाली, अगदी शेवटी, ‘नोंद झाली’ हे वाक्य आणून ठेवलं.

बाजी अजूनही दर तासाला रजिस्टरमध्ये हातानं आकडा लिहितात. मी त्यांना ते बंद करा म्हणालो नाही.