कोऱ्या पानाखालची सही

"तू शिकेल हाय ना? मंग वाच. मोठ्यानं वाच," सरपंच म्हणाला आणि ठरावाचं रजिस्टर त्यानं माझ्या पोरीच्या हातात दिलं.

ग्रामपंचायतीत आमच्या टोलीवरच्या, गावाबाहेरच्या आदिवासी वस्तीतल्या दहा-बारा बाया उभ्या होत्या. सगळ्यांच्या पुढे मी. आमच्या वाटेच्या तोंडाशी, हायवेला लागून लॉन उघडलं होतं, त्याची तक्रार घेऊन आलो होतो. परवाना फॅमिली लॉनचा, ऑर्केस्ट्राचा. जिल्ह्यात दारूबंदी, म्हणून दारूचा परवाना कोणाला मिळत नाही आणि कोणाचं त्यावाचून अडतही नाही. स्टीलच्या ग्लासात मिळते. माझी पोरगी बारावीला. कारंज्याच्या कॉलेजातून संध्याकाळच्या एसटीनं यायची. लॉनवरच्या दोघांनी वाटेत तिची ओढणी धरली. तिचा बाप म्हणाला, कॉलेज बंद. ते कॉलेज वाचवायला मी आले होते. मी मेंबर होते ना, आदिवासी बाईच्या राखीव जागेवर निवडून आलेली. वाटलं, माझं तरी ऐकतील.

पोरीनं वाचायला घेतलं. "लॉन व करमणुकीच्या कार्यक्रमांस ना-हरकत दाखला देण्यात यावा. सूचक..." ती थांबली.

"थांबली काऊन? वाच ना."

तिनं माझं नाव वाचलं. नवऱ्याच्या नावासकट, आडनावासकट. मग खालची ओळ. "सर्वानुमते मंजूर."

सरपंच हसला. लॉन त्याच्या साळ्याचं. मग खुर्च्यांवरचे सगळेच हसले, ग्रामसेवकसुद्धा. "तुह्या मायनंच मांडला ठराव. घरी पुसून तरी याचं होतं," सरपंच पोरीला म्हणाला. माझ्याकडे त्यानं पाहिलंही नाही.

खाली सही माझीच होती. खोटी नव्हती.

सभेचं बोलावणं मला क्वचित यायचं. रजिस्टर मात्र न चुकता यायचं. मी कापूस वेचत असायची आणि शिपाई बांधावर उभा. "ताई, हजेरी हाय. सही मारा." वरचं पान कोरं. एकदा विचारलं होतं मी, वर जागा काऊन सोडली म्हणून. "ते साहेब मंग लिवते," तो म्हणाला. मी केली सही. खरं सांगते, मला ती सही आवडायची. माझी आई जन्मभर अंगठा लावत मेली. मी चौथी शिकलेली. लुगड्याला हात पुसून, नावाखाली रेघ ओढून, ऐटीत सही करायची. तीन वर्षं केली.

परत येताना बाया मला मागे टाकून पुढे गेल्या. जाऊ तेवढी थांबून म्हणाली, "काय भेटलं ओ तुले?" पोरगी पुढे चालत होती. घरी आल्यावर तिनं एकच विचारलं.

"माय, तू वाचलं काऊन नाई?"

"वाचाले काही नोतंच ओ. कोरं होतं."

"कोरं होतं, तरी सही केली?"

मला लाज वाटली. सरपंचाचा राग नंतर आला, आधी माझ्या त्या ऐटीचा आला.

पुढच्या महिन्यात शिपाई पुन्हा बांधावर आला. म्हटलं, "रजिस्टर वापस ने. मी सभेलेच येतो." गेले. माझं स्टूल दाराजवळ असायचं, ते ओढून टेबलापाशी नेलं. विषय निघाला लॉनच्या मुदतवाढीचा. मी म्हटलं, "माहा विरोध हाय. लिवा."

"एका विरोधानं काय होते ताई? ठराव तं पासच होते," ग्रामसेवक म्हणाला.

"पास होऊ द्या. तुमी लिवा."

तो लिहीना. मी त्याच्या हातातून पेन घेतलं आणि लिहिलं, मला हे मान्य नाही. एकेक अक्षर काढायला वेळ लागला. "बाई, दिवसभर बसाचं का आमी इथं?" सरपंच ओरडला. बसा म्हटलं. अक्षराला चिकटवून सही केली. खाली उरलेल्या कोऱ्या जागेवर वरपासून खालपर्यंत तिरपी रेघ मारली.

ठराव पास झाला. विरोधात मी एकटी.

लॉन चालू आहे. बाटल्या आमच्या नाल्यात येऊन पडतात. पोरीचं कॉलेज सुटलं. ती माझ्यासोबत कापूस वेचते, माझ्याशी कामापुरतं बोलते. तिला पाहायला लोक येणार आहेत. माझ्या जातीच्या दाखल्यावर कोणीतरी तक्रार टाकली आहे, मेंबरकी जाईल म्हणतात. जाईल तेव्हा जाईल. तोवर एकही सभा मी सोडणार नाही.

त्या पहिल्या ठरावातलं माझं नाव खोडता येईल का, विचारून पाहिलं. येत नाही म्हणाले. ते राहील तिथंच. माझ्या पोरीनं चार लोकांत वाचलेलं आहे ते. मात्र इथून पुढे कोऱ्या पानाखाली माझं नाव कोणाला मिळणार नाही. त्यांनी आधी लिहावं, माझ्यासमोर मोठ्यानं वाचावं. मग मी माझा विरोध लिहीन.