कसालकरांचे बावटे

आमच्या खाडीत पाण्याखालच्या जाळ्याची खूण म्हणून लावलेल्या बावट्यांजवळ कुणाची होडी दिसली, की जाणारा-येणारा हमखास हाक मारतो, "काय गावला काय?" मासळी मिळो न मिळो, विचारायचं असतं. न विचारता पुढे जाणारा एक तर परगावचा, नाहीतर भांडलेला. दत्ताराम कसालकर बायको गेल्यावर पुढे रोज बावटे लावून होडीत बसायला लागले, पण कित्येक वर्षं त्यांना हे कुणी विचारलं नाही.

कसालकर हे त्यांचं आडनाव नव्हे. कसालला त्यांची भातशेती आणि काजूची बाग होती. सुभद्रावहिनी इथल्या, आईबापांची एकुलती एक. म्हातारे थकले तेव्हा दत्ताराम बाग भावावर सोपवून सासुरवाडीत राहायला आले ते कायमचेच. अशा जावयाला गाव जे जे म्हणतं ते सगळं त्यांनी निमूटपणे ऐकलं. डोक्याचे केस पांढरे झाले तरी ते कसालकरच राहिले, आणि पाण्यात कंबरेच्या पुढे कधी गेले नाहीत. मी त्यांचा शेजारी, निवृत्त मास्तर. पोहता मलाही येत नाही, पण मास्तरला कुणी तोंडावर हसत नाही एवढंच.

वहिनी मात्र पाण्यातच वाढलेल्या. सुकतीला, पाणी ओसरलं की, बायकांबरोबर गळ्याएवढ्या पाण्यात उभ्या राहून पायाने मुळे, म्हणजे खायच्या शिंपल्या, चाचपायच्या, टोपली भरली की ती पायरीवर ठेवायच्या आणि पुन्हा पाण्यात शिरून मनसोक्त पोहायच्या. कसालकर टॉवेल घेऊन पायरीवर बसलेले असायचे. खाडीवर राहून टॉवेलाची राखण करणारा तुम्ही एकटेच, असं मी त्यांना चिडवायचो. शेतकऱ्याला राखणच तेवढी येते, असं ते म्हणायचे. मूल नव्हतं, पण त्या दोघांचं कुठे काही अडलेलं मला दिसलं नाही.

मग पर्यटक आले आणि त्यांच्यामागून इंजिनाच्या बोटी. एका संध्याकाळी सूर्य समोर असताना बोट चालवणाऱ्या गुरुदासला वहिनींचं डोकं दिसलं नाही. बोटीच्या पंख्याने त्यांची पोटरी फाडली. गुरुदासनेच उडी मारली, अंगातला शर्ट काढून पाय बांधला आणि त्यांना इस्पितळात पोचवलं. पाय वाचला, पण वहिनी पुन्हा पाण्यात उतरल्या नाहीत. पायरीवर कसालकरांच्या शेजारी बसून नुसत्या पाण्याकडे बघायच्या. पुढच्याच वर्षी हृदयाच्या झटक्याने गेल्या. स्मशानात गुरुदास सगळ्यांच्या मागे उभा होता. तो आणि कसालकर एकमेकांशी बोलले नाहीत, त्या दिवशीही नाहीत आणि नंतरही नाहीत.

वहिनींचे दिवस होताच कसालकर बोटवाल्यांकडे जायला लागले. त्यांचं मागणं साधं होतं. बायका पाण्यात असतात तेवढ्या पट्ट्यात बोट सावकाश न्या, आणि पंख्याभोवती जाळीचा पिंजरा बसवा. सगळ्यांनी चहा पाजला, मान डोलावली. पिंजऱ्याने बोट जड होते, तेल जास्त जातं, गिऱ्हाईक दुसऱ्याच्या बोटीत बसतं, हेही समजावून सांगितलं. एक फलक लागला. नारिंगी तरंगत्या गोळ्यांची एक ओळही कुणीतरी बांधून दिली. बोटी तिच्यावरूनच जायच्या, आणि पावसाळ्यात ओळच वाहून गेली. मुळे काढणाऱ्या बायका आवाज आला की काठाकडे पळायच्या. पोट होतं, पाण्यात उतरणं चुकत नव्हतं. आणखी एक बाई कापली गेली तर आपण कुणाला तोंड दाखवणार, हे कसालकरांच्या मनाने घेतलं. त्यांचा ह्यात काय संबंध, असं मी एकदा बोलून गेलो, तर आठवडाभर माझ्या ओटीवर आले नाहीत.

मग एके दिवशी ते आपण होऊन आले आणि हळू आवाजात म्हणाले, "मास्तरांनू, माणसासाठी कोण वळना नाय. जाळ्यासाठी वळतत."

खरंच होतं. जाळं पंख्यात गुंतलं की इंजिन बंद पडतं, आणि वर जाळंवाल्याच्या शिव्या. बावटा दिसला की कितीही माजोरडा बोटवाला लांबून वळसा घालतो. कसालकरांनी बांबू तासले, त्यांना काळ्या छत्रीचं कापड बांधलं, खाली थर्माकोल आणि वजनाला चिऱ्याचे तुकडे. सासऱ्यांच्या जुन्या होडीतून बावटे लावले, पण खाली जाळं नाही. होतं कुठे जाळं त्यांच्याकडे? ही गोष्ट फक्त मला सांगितली, आणि देवीची शपथ घातली.

जादूच झाली म्हणा. बोटी वळायला लागल्या. बायका निर्धास्त झाल्या, सुट्टीत आलेल्या माहेरवाशिणी पोहायला लागल्या. कसालकर मात्र दिवसेंदिवस वाळत चालले. आपलं बिंग फुटलं तर दुसऱ्या दिवशी बोटी पुन्हा मधूनच घुसतील, या धास्तीने ते कुणाला होडीजवळ येऊ देईनात. कुणी बोललंच तर पटकन तोडून टाकायचे. हळूहळू कुणी बोलायचंच बंद झालं. बाजारात एकटे, देवळात एकटे, होडीत तर एकटेच. संध्याकाळी घराचं कुलूप काढताना ते उगाच खोकायचे. आत कुणी नाही हे माहीत असलेल्या माणसाचं ते खोकणं मला भिंतीपलीकडून ऐकवत नसे.

गेल्या हिवाळ्यात त्यांना ताप भरला. अंगात उभं राहायचं बळ नव्हतं, तरी सुकतीची वेळ झाली तसे उठले. मीच लावतो म्हणालो, तर ते ऐकेनात. शेवटी त्यांना खांद्याशी धरून पायऱ्यांपर्यंत आणलं.

बावटे लागलेले होते. गुरुदास छातीभर पाण्यात उभा राहून शेवटची दोरी बांधत होता. पलीकडे बायका मुळे काढत होत्या.

कसालकर मटकन पायरीवर बसले. गुरुदास पाण्यातून वर आला आणि थोडा लांबच उभा राहिला. मग तिथूनच म्हणाला, "कसालकरांनू, तुमी बावटे काजीची झाडां लावल्यासारखे लावतास. सरळ रांगेत, सारख्या अंतरार. भरती असो, सुकती असो, जाग्यारसून हलनत नाय. असा जाळां खंय असता काय?"

कसालकरांचा चेहरा पांढराफटक पडला. त्यांनी विचारलं, "कोणाकोणाक म्हायत आसा?"

"सगळ्यांका. पयल्याच दिवसापासून."

"मगे वळतास कित्याक?"

गुरुदासने ओल्या हातांनी तोंड पुसलं. "थंय वैनी पवायची म्हणान," तो म्हणाला. "आमी बोलाक लागलो असतो तर जाळ्याचा बोलणां निघाला असता. मगे तुमी बावटे काढले असतात. म्हणान कोण काय विचारी नाय."

म्हणजे हा माणूस इतकी वर्षं जे लपवत होता ते सगळ्या खाडीला ठाऊक होतं, आणि ते त्याला कळू नये म्हणून सगळ्या खाडीने त्याला एकटं ठेवलं होतं. मला दोघांचाही राग आला. माया करायची ही कुठली रीत? पण कसालकर रडत होते. वहिनी गेल्या तेव्हाही ते असे रडले नव्हते.

ताप उतरल्यावर ते पुन्हा होडी घेऊन गेले. बावटे या खेपेला थोडे तिरके, पाण्याची ओढ होती तसे लावले. पायरीवर मी बसलो होतो, मांडीवर त्यांचा टॉवेल. गुरुदासची बोट पर्यटकांना घेऊन आली, बावटे दिसताच सावकाश झाली आणि लांबून वळली. वळताना त्याने हाक मारली.

"कसालकरांनू, काय गावला काय?"

बोट बरीच पुढे गेल्यावर कसालकर होडीत उभे राहिले आणि तोंडाशी हात धरून ओरडले, "नाय रे, काय एक नाय."

गुरुदासने हात वर केला. तेवढ्यात पाण्यातल्या एका बाईनेही त्यांना तेच विचारलं, आणि त्यांनी तिलाही तेच उत्तर दिलं.